कट्ट्याला कुंपण घालावं का?

‘या ना एकदा घरी!’ हे वाक्य आपण वर्षभरात किती जणांना म्हणतो? आणि त्यातल्या किती जणांनी रविवारी सकाळी खरंच बेल वाजवावी असं आपल्याला वाटत असतं? मराठी माणसाला हे वेगळं शिकवावं लागत नाही. ‘निघतो’ म्हणजे अजून अर्धा तास दारात उभं राहून गप्पा. ‘बघतो’ म्हणजे बहुतेक वेळा नाही. ‘काही नको हो’ म्हणजे अजून एकदा आग्रह करा. कट्ट्यावर एखाद्याची खेचली जाते तेव्हा ती प्रेमाने खेचताहेत की त्याला कटवायला, हे शब्दांवरून कळत नाही. आवाजाच्या पट्टीवरून कळतं, कोण कोणाकडे बघून हसलं यावरून कळतं.

हे नियम कुठेच लिहिलेले नाहीत. ज्याला ते आपोआप कळतात, त्याला असे काही नियम आहेत हेही जाणवत नाही. ऑटिझम स्पेक्ट्रमवरच्या बऱ्याच मुलामुलींसाठी मात्र हा रोजचा, दिवसभराचा अभ्यास असतो. सगळ्यांसाठी सारखा नाही. कोणी भरपूर बोलतं, कोणी अजिबात बोलत नाही. कोणाला गर्दीचा आवाज सहन होत नाही, कोणाला विनोद कळतो पण उत्तर सुचेपर्यंत विषय बदललेला असतो. अनेक जण ‘इतरांसारखं’ वागण्याचा मुखवटा चढवायला शिकतात. त्याला मास्किंग म्हणतात. कॉलेजचा अख्खा दिवस असा काढून घरी आलं की अंगात काहीच शिल्लक राहत नाही, असं कितीतरी ऑटिस्टिक लोकांनी स्वतः लिहिलेलं आहे.

मग वाटतं, ऑनलाइन जग यांच्यासाठी सोपं असेल. चेहरे वाचायला नकोत, नजरेला नजर भिडवायला नको, उत्तर द्यायला दोन मिनिटं घेतली तरी चालतं. आणि ते खरोखर सोपं असतंही. पण तिथेही कट्टा आहेच. एखाद्या पब्लिक गेम सर्व्हरवर सरळ प्रश्नाला सरळ उत्तर देणारा मुलगा टोळक्याला पाच मिनिटांत ओळखू येतो. चिडवलं की तो चिडतो, आणि त्याचं चिडणं हीच बाकीच्यांची करमणूक. गेमिंगच्या चॅटमध्ये ‘ऑटिस्टिक’ हा शब्दच शिवी म्हणून वापरला जातो.

तर प्रश्न असा: या मुलांसाठी वेगळा कट्टा बांधावा का? आणि बांधला तर त्याला कुंपण घालावं का? मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. आमच्या धंद्यात ‘सेफ्टी’ ही एक टू-डू यादी असते. ब्लॉक बटण झालं, रिपोर्ट बटण झालं, शिव्यांचा फिल्टर झाला, तिकीट बंद. पण कोणाला आत घ्यायचं, कोणी कोणावर नजर ठेवायची, आणि दुसऱ्याच्या भल्यासाठी त्याचं स्वातंत्र्य किती कापायचं, हे प्रश्न तिकिटात मावत नाहीत. ते नीतीचे प्रश्न आहेत.

*

हवेत बोलण्यापेक्षा एक खरं उदाहरण घेऊ. कॅनडातला स्टुअर्ट डंकन हा वेब डेव्हलपर. तो स्वतः स्पेक्ट्रमवर आहे, त्याचा मुलगाही. माइनक्राफ्ट हा ठोकळे रचत जग उभारण्याचा खेळ अनेक ऑटिस्टिक मुलांना मनापासून आवडतो, पण पब्लिक सर्व्हरवर त्यांना छळलं जातं, हे त्याला पालकांकडून सारखं ऐकू येत होतं. २०१३ मध्ये त्याने ऑटिझम असलेल्या मुलांसाठी आणि त्यांच्या कुटुंबांसाठी एक वेगळा सर्व्हर सुरू केला. नाव ठेवलं ऑटक्राफ्ट. ओळखीपाळखीतले थोडे लोक येतील असा त्याचा अंदाज होता. पहिल्या दोन दिवसांत त्याला ७५० ई-मेल आले.

ऑटक्राफ्टला कुंपण आहे. तांत्रिक भाषेत त्याला व्हाइटलिस्ट म्हणतात. आधी अर्ज करायचा, नाव यादीत आलं तरच दार उघडतं. आत शिवीगाळ, चिडवाचिडवी, चोरी, दुसऱ्या खेळाडूला मारणं, यांना बंदी. लक्ष ठेवायला आणि मदतीला मोठी माणसं. इंजिनिअरच्या नजरेने पाहिलं तर यात विशेष काहीच नाही. व्हाइटलिस्ट हा या खेळाच्या सर्व्हरमध्ये मुळातच असलेला पर्याय आहे. फरक पडला तो नियमांच्या भाषेने. ‘सगळ्यांशी चांगलं वागा’ हा नियम ऐकायला छान, पण पाळायला अवघड, कारण ‘चांगलं’ म्हणजे काय ते पुन्हा न लिहिलेल्या नियमांवर सोडलेलं असतं. ‘दुसऱ्याने बांधलेलं तोडायचं नाही’ हा नियम कोणालाही पाळता येतो. आणि मोडला तर नेमकं काय मोडलं तेही सांगता येतं.

कॅथरीन रिंगलंड या अमेरिकन संशोधिकेने या सर्व्हरवर दीर्घकाळ राहून, आतल्या मुलांबरोबर वावरून अभ्यास केला. तिला तिथे ‘सामाजिक नसलेली’ मुलं दिसली नाहीत. मुलं चॅटवर बोलत होती, न बोलता शेजारी शेजारी घरं बांधत होती, एकमेकांना वास्तू दाखवत होती, नको वाटलं की बाजूला होत होती आणि पुन्हा येत होती. मैत्री होती, तिचे मार्ग वेगळे होते.

इथे आपल्या भाषेतला एक शब्द मला खटकतो. ऑटिझमला आपण ‘स्वमग्नता’ म्हणतो. मूळ इंग्रजी शब्दही ‘स्वतः’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरूनच आलाय, त्यामुळे भाषांतर करणाऱ्यांना दोष देता येत नाही. पण शब्द निकाल देऊन मोकळा होतो: हा स्वतःत मग्न आहे, याला इतरांची गरज नाही. ७५० ई-मेल काही वेगळं सांगतात. ज्याला कोणीच नको असतं, त्याच्यासाठी दार उघडायला सांगणारं पत्र कोण कशाला पाठवेल?

ब्रिटनमधले समाजशास्त्रज्ञ डेमियन मिल्टन स्वतः ऑटिस्टिक आहेत. २०१२ मध्ये त्यांनी ‘डबल एम्पथी’ ही कल्पना मांडली. ऑटिस्टिक माणसाला इतरांचं मन कळत नाही असं म्हणतात. पण इतरांना तरी त्याचं मन कुठे कळतं? न कळणं दोन्ही बाजूंनी आहे, दोष मात्र एकाच बाजूच्या नावावर लागतो. पुढे एडिंबरा विद्यापीठात कॅथरीन क्रॉम्प्टन आणि सहकाऱ्यांनी याची एक चाचणी घेतली. आपल्या कानगोष्टींच्या खेळासारखी. आठ-आठ जणांच्या साखळ्या केल्या, पहिल्याला गोष्ट सांगितली, ती एकाकडून दुसऱ्याकडे शेवटपर्यंत जाऊ दिली. २०२० मध्ये आलेल्या निष्कर्षांनुसार, फक्त ऑटिस्टिक लोकांच्या साखळीत गोष्ट तितकीच टिकली जितकी फक्त इतरांच्या साखळीत. गळती जास्त झाली ती मिश्र साखळ्यांत. २०२५ मध्ये याच संशोधकांचा बराच मोठा अभ्यास आला. त्यात मिश्र साखळ्यांतली जास्तीची गळतीही दिसली नाही, तिन्ही प्रकार सारखेच ठरले. म्हणजे मिश्र गटाबद्दलचा प्रश्न अजून खुला आहे. पण दोन्ही अभ्यासांत एक गोष्ट कायम राहिली: ‘यांना संवाद जमतच नाही’ हे काही खरं ठरलं नाही.

*

वेगळ्या कट्ट्यावर पहिला आक्षेप घरातूनच येतो. ‘असं कापसात ठेवलं तर उद्या बाहेरच्या जगात कसं होणार?’ आक्षेप प्रेमाचा आहे, म्हणून त्याला नीट उत्तर द्यायला हवं.

गावाकडे विहिरीत पोहायला शिकवताना पाठीला डबा बांधायचे. डबा बांधलेला पोरगा पोहायला शिकत नाही असं कोणी म्हणत नसे. पण हे उत्तर अर्धंच आहे. त्यात असं गृहीत धरलंय की ऑनलाइन कट्टा म्हणजे सराव, आणि खरं आयुष्य बाहेर कुठेतरी. सोळा वर्षांच्या मुलीला कोणीतरी ‘तू आज आली नाहीस, करमलं नाही’ असं लिहितं, तेव्हा ती सराव करत नसते. ती मैत्रीण असते. आपल्या कट्ट्याबद्दल आपण कधी विचारतो का, की याने मला पुढच्या आयुष्यासाठी काय कौशल्यं मिळाली? फक्त यांच्याच मैत्रीकडून थेरपीचा रिझल्ट का मागायचा?

आणि ‘बाहेरचं जग’ म्हणजे नक्की काय? ज्या जगात ‘बघतो’चा अर्थ मला न सांगता कळतो, जिथे टोमणा मला वेळेवर पकडता येतो, जिथला प्रकाश आणि आवाज माझ्या कानाडोळ्यांना झेपेल इतकाच ठेवलेला आहे, ते जग माझ्यासाठी चोवीस तासांची सुरक्षित जागा आहे. तिची व्हाइटलिस्ट कोणी लिहिलेली नाही, पण मी जन्मापासून तिच्यात आहे. त्यामुळे तिला मी ‘सेफ स्पेस’ म्हणत नाही, ‘जग’ म्हणते. म्हणून मला वाटतं, ‘यांना खास वागणूक का’ हा प्रश्नच उलटा आहे. खास वागणूक आधीच वाटून झालेली आहे.

दुसरा आक्षेप जास्त जड आहे. ‘वेगळी सोय’ या शब्दांचा आपल्या समाजातला इतिहास काही चांगला नाही. वेगळी वस्ती, वेगळा पाणवठा, वेगळी पंगत. ज्याला वेगळं बसवलं, त्याच्या भल्यासाठीच बसवलंय असं सांगणारेही नेहमीच होते. मग वेगळा कट्टा म्हणजे तेच नव्हे का? शिवाय एकदा तो झाला की मोठ्या सर्व्हरवाले म्हणायला मोकळे: तुमच्यासाठी तिकडे जागा आहे ना, मग इथे कशाला?

मला वाटतं, फरक भिंतीत नसून दाराच्या कडीत आहे. कडी कोणाच्या हातात? जिथे बाहेरचे लोक तुम्हाला आत ढकलून बाहेरून कडी लावतात, तो कोंडवाडा. जिथे तुम्ही स्वतः आत जाता, हवं तेव्हा बाहेर पडता आणि परत येता, ते घर. ऑटिस्टिक लोकांनी स्वतःच्या अशा जागा फार पूर्वीच उभ्या केल्या आहेत. अमेरिकेत १९९६ पासून जिम सिंक्लेअर आणि त्यांच्या सोबत्यांनी ‘ऑट्रीट’ नावाचं निवासी शिबिर भरवायला सुरुवात केली, ऑटिस्टिक लोकांनी ऑटिस्टिक लोकांसाठी. तिथे गळ्यात रंगीत बिल्ले असत. एका रंगाचा अर्थ, आत्ता माझ्याशी बोलू नका. दुसऱ्याचा, फक्त ओळखीच्यांनी बोला. तिसऱ्याचा, मला बोलायचंय पण सुरुवात करता येत नाही, तुम्ही करा. हा तिसरा बिल्ला मला फार महत्त्वाचा वाटतो. कुंपणाच्या आत राहून त्यांनी जी गोष्ट शोधली, ती बाहेरच्या कोणत्याही लग्नात, कुठल्याही ऑफिसच्या पार्टीत उपयोगी पडेल. आपल्यापैकी किती जण असा बिल्ला आनंदाने लावतील!

पण आक्षेपातला दुसरा अर्धा भाग मान्य करायलाच हवा. वेगळा कट्टा असल्यामुळे मोठ्या कट्ट्याची जबाबदारी एका पैशानेही कमी होत नाही. छळ करणाऱ्याला बाहेर काढण्यापेक्षा छळ होणाऱ्याला दुसरीकडे पाठवणं नेहमीच स्वस्त पडतं. स्वस्त आहे म्हणून ते बरोबर ठरत नाही.

*

तिसरी अडचण सगळ्यात कठीण, आणि ती बाहेरून आलेला आक्षेप नाही, आतलीच आहे. कुंपण राखायचं तर राखणदार लागतो. राखणदार म्हणजे नजर. चॅटची नोंद राहणार, कोणीतरी ती वाचणार, काही वावगं दिसलं तर आईबाबांना कळवणार. आठ वर्षांच्या मुलासाठी हे ठीकच आहे. सोळाव्या वर्षी? चोविसाव्या?

भीती खोटी नाही. ब्रिटनमध्ये ‘मेट क्राइम’ असा एक शब्द वापरला जातो. मित्र बनून, विश्वास कमावून केलेली फसवणूक. पैसे उकळणं, फोटो मागणं, स्वतःची चूक दुसऱ्याच्या माथी मारणं. ज्याला आयुष्यभर मित्र मिळाले नाहीत, तो मिळालेला मित्र टिकवायला खूप काही देऊन बसतो. असा माणूस व्हाइटलिस्टमधूनही आत येऊ शकतो, कारण यादी नाव तपासते, हेतू तपासू शकत नाही. तेव्हा ‘नजर नकोच’ असं म्हणणं मला बेजबाबदारपणाचं वाटतं.

पण नजरेची किंमतही मोजायला हवी. वयात येताना आपण सगळेच मोठ्यांच्या नजरेआड काहीतरी केलेलं असतं. वेडगळ बोललो, चुकीच्या माणसावर भाळलो, कोणाशी तरी कायमचं भांडलो आणि आठवड्याने बोललो. त्यातूनच माणूस घडला. रॉबर्ट पर्स्के या अमेरिकन लेखकाने १९७२ मध्ये बौद्धिक अपंगत्व असलेल्या लोकांबद्दल लिहिताना ‘जोखमीची प्रतिष्ठा’ ही कल्पना मांडली होती. सगळे धोके काढून टाकले की त्याबरोबर माणसाचा मानही काढून घेतला जातो, असा तिचा आशय. ज्याला कधीच चुकू दिलं जात नाही, त्याला आपण मोठं समजतच नाही.

आपला कायदाही या पेचात सापडलेला दिसतो. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालच्या मुलाचा डेटा वापरण्याआधी पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते. ज्या अपंग व्यक्तीला कायदेशीर पालक आहे, तिच्यासाठीही त्याच कलमात पालकाची संमती सांगितली आहे. म्हणजे तीस वर्षांचा माणूस आणि तेरा वर्षांचा मुलगा एकाच रांगेत. उलट २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा, ज्यात ऑटिझमही येतो, ‘मर्यादित पालकत्वा’ची गोष्ट करतो. निर्णय दोघांनी मिळून घ्यायचा, परस्परांच्या विश्वासावर. ठरावीक काळापुरता, ठरावीक निर्णयापुरता, आणि त्या व्यक्तीच्या इच्छेला धरून. कायद्याच्या पुस्तकातली ही ओळ मला एखाद्या चांगल्या डिझाइन डॉक्युमेंटसारखी वाटते. ऑनलाइन कट्ट्याची नजरही अशीच का असू नये?

म्हणजे कशी? एक, ती दिसणारी असावी. कोण बघतंय, काय बघतंय आणि ते कोणाला सांगणार, हे आत येतानाच साध्या भाषेत सांगितलेलं असावं. सर्व्हरवर कोणी खासगी चॅट उघडला तर त्या उघडण्याचीही नोंद राहावी, आणि ज्याचा चॅट त्याला ती दिसावी. तांत्रिकदृष्ट्या हे अजिबात अवघड नाही. करायचं ठरवलं पाहिजे, इतकंच. दोन, ती वयाबरोबर आणि इच्छेबरोबर कमी व्हावी. बारा वर्षांच्या मुलीला असलेले नियम अठराव्या वर्षी आपोआप चालू राहू नयेत. चालू ठेवायचे तर तिला विचारावं. तीन, काढून टाकायचं झालं तर कारण सांगावं. एखादा मुलगा एकच प्रश्न पाचदा विचारतो, कारण त्याला उत्तराची खात्री हवी असते. स्पॅम ओळखणाऱ्या कोडला तो स्पॅमर दिसतो आणि दार धाडकन बंद होतं. आपल्याला का काढलं हे न कळणं हा यांच्या आयुष्यातला सगळ्यात जुना अनुभव असतो. तो मशीननेही द्यायचा का? आणि चार, नियम बनवणाऱ्यांत आतले लोक असावेत. राखणदार निवडण्यातही.

या चारही अटी पाळूनसुद्धा एखाद दिवशी कोणीतरी फसवलं जाईल. हे लिहिताना मला बरं वाटत नाही, आणि ज्यांचं मूल आत आहे त्यांना वाचताना त्याहून कमी बरं वाटेल. पण पर्याय दोनच उरतात. जिथे काहीच होऊ शकत नाही अशी जागा, किंवा जिथे काही झालं तर कोणाला सांगायचं हे माहीत आहे अशी जागा. पहिली जागा तुरुंगाच्या फार जवळ जाते. दुसरीत मूल ‘मला फसवलं’ असं सांगू शकतं, कारण सांगितल्यावर आपला कट्टाच काढून घेतला जाणार नाही याची त्याला खात्री असते. माझ्या मते सुरक्षितपणा या खात्रीत आहे. कुंपणाची उंची त्यानंतर येते.

*

म्हणून माझं उत्तर: हो, कुंपण घालावं. पण दाराची कडी आतल्यांच्या हातात द्यावी, आणि कुंपण घातलं म्हणून बाहेरच्यांनी आपली सुटका झाली असं समजू नये.

बाहेरचे म्हणजे तुम्ही-आम्ही. ऑटक्राफ्टसारखा सर्व्हर चालवणं प्रत्येकाला जमणार नाही. पण तुमच्या फोनवर आत्ता निदान पाच ग्रुप असतील. कॉलेजचा, ट्रेकचा, गेमिंगचा, सोसायटीचा. त्यातल्या एखाद्यावर कोणीतरी असतं, जे कधीच पटकन उत्तर देत नाही, किंवा रेल्वेच्या इंजिनांवर एकदम चाळीस ओळी लिहितं, किंवा सगळ्यांनी हसण्याच्या इमोजी टाकल्यावर विचारतं, ‘यात हसण्यासारखं काय आहे?’ त्या व्यक्तीला ऑटिझम आहे की नाही हे तुम्हाला माहीत नाही, आणि विचारायचंही कारण नाही. उत्तर मात्र देता येतं: यात हसण्यासारखं हे हे होतं. आणि पुढच्या वेळी ‘भेटू रे कधीतरी’ असं न लिहिता, ‘शनिवारी पाच वाजता, कॉलेजच्या मागच्या टपरीवर, आम्ही चौघं असू, साधारण तासभर, यायचं नसेल तर कारण सांगायची गरज नाही’ असं लिहिता येतं. लिहायला वीस सेकंद जास्त लागतील. आणि शनिवारी ती व्यक्ती खरंच आली, तर तिच्यासाठी चहा सांगायचा.